भडकासाहेब

कुणाच्याही घरी गेले की आत शिरण्याआधी माझा हात खिडकीच्या गजाकडे जातो. लोखंडाला बोटं टेकवायची, क्षणभर थांबायचं, मग उंबरा ओलांडायचा. सून हसते. म्हणते, "आई, तुम्हाला शॉक बसतो की काय?" तिला काय सांगणार? ही सवय माझी नव्हेच. राऊत साहेबांकडून घेतली आणि परत करायची राहून गेली.

जनार्दन राऊत. कारखान्यात त्यांना सगळे भडकासाहेब म्हणायचे, तेही तोंडावर. नवख्याला वाटायचं, साहेब तापट असणार. प्रत्यक्षात त्यांचा आवाज इतका बारीक, की फोनवर पलीकडचा माणूस "कोणी बोलत नाहीये" म्हणून फोन ठेवून द्यायचा. भडका हे त्यांच्या कामाचं नाव होतं. कुठली भुकटी भडका घेते आणि कुठली घेत नाही, ते तपासून चिठ्ठी द्यायची. त्या चिठ्ठीवर त्यांची सही झाल्याशिवाय नवा माल दळायला घ्यायचा नाही, असा नियम होता. नियम कागदावर होता आणि कागद माझ्या टाइपरायटरमधून जायचा, म्हणून हा माणूस मला कळला.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास मी तिथे लागले. आम्ही डहाणूचे, वडील रेल्वेत. सकाळी स्टेशनबाहेरून कंपनीची बस निघायची ती तलासरी ओलांडून झरीच्या वाटेवरच्या आमच्या कारखान्यात नेऊन सोडायची आणि संध्याकाळी साडेपाचला परत आणायची. मधल्या वेळात तुम्ही आत. भोवती उंच भिंत, भिंतीवर बाटल्यांच्या काचा, एकच फाटक. कापडाच्या रंगांना लागणारी भुकटी तिथे तयार व्हायची. पिवळी, शेंदरी, कधी विटकरी. आठवड्यात माझा पांढरा रुमाल पिवळा झाला. आई म्हणाली, "हळदीच्या गिरणीत लागलीस का?"

आम्ही निदान साडेपाचला सुटायचो. राऊत साहेब भिंतीच्या आतच राहायचे. स्टाफसाठी चार खोल्यांची चाळ होती, त्यातली शेवटची त्यांची. त्यांचं खरं घर नरपडला, समुद्राला लागून. चिकूची वाडी होती, ती भाऊ बघायचा. बसने जेमतेम दीड तासाचा रस्ता. पण हा माणूस वर्षाकाठी चार दिवससुद्धा तिकडे जात नसे. वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, मला म्हणायच्या, "तिकडे आमच्या खोलीला कुलूप, आणि इकडे आम्ही कुलपात." त्या हे हसत सांगायच्या, म्हणून मीही हसायचे.

त्यांची तपासणीची खोली आवाराच्या पार टोकाला होती. तिला अर्थातच भडकाखोली म्हणत. भिंती हातभर जाड आणि छपराचे पत्रे मात्र नुसते ठेवलेले, वाऱ्याने खडखडायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, "साहेब, पत्रे बसवून घ्या ना, पावसात गळेल." ते म्हणाले, "गळू दे. उद्या आत भडका झाला तर त्याला वर जायला वाट पाहिजे. वाट असली की नुसता भप्प करून निघून जातो. कोंडला की भिंती घेऊन जातो." मग स्वतःच लाजले, एवढं लांब वाक्य बोलल्याबद्दल.

आत दोनच मुख्य उपकरणं होती. एक, उंचावरून खाली पडणारं वजन. खाली ऐरणीवर चिमूटभर माल ठेवायचा आणि वजन सोडायचं. माल ठोका सहन करतो का, ते बघायला. दुसरी, कमरेइतकी उंच काचेची नळी. तळाशी चिमूटभर भुकटी, मध्ये लालभडक तापवलेली तार. रबरी फुगा दाबला की हवेच्या झोताने भुकटी वर उडायची आणि तारेभोवती तिचा ढग व्हायचा. पेटायची असेल तर डोळ्याचं पातं लवायच्या आत पेटायची. तरी साहेब दरवेळी पुटपुटत दहापर्यंत मोजायचे. एक, दोन, तीन. दहा झाले की हात पुसायचे आणि पुढची चिमूट घ्यायचे. असं मोजायला पुस्तकात कुठे सांगितलेलं नव्हतं, ती त्यांची स्वतःची भर. मी विचारलं, दहाच का? म्हणाले, "कुठेतरी थांबायला हवं ना. न होणाऱ्या गोष्टीची माणसाने किती वाट बघायची?"

हे दहापर्यंत मोजणं मग सगळीकडे चालायचं. वहिनींनी फोडणी टाकली की बाहेरच्या खोलीत साहेबांचे ओठ हलायला लागायचे. "माझ्या मोहरीला रोज परीक्षा असते," वहिनी म्हणायच्या. साहेब टेरिकॉटचा सदरा कधी घालत नसत, आयुष्यभर सुती, कारण टेरिकॉट अंगावर घासला की वीज साठते. आणि कुठेही आत शिरताना ते आधी लोखंडाला हात लावायचे, अंगातली वीज जमिनीत जाऊ दे म्हणून. माझ्या लग्नातसुद्धा हॉलच्या ग्रिलला हात लावून मगच आहेर द्यायला पुढे आले. माझ्या सासूबाईंना वाटलं, गृहस्थ चक्कर येऊन ग्रिल धरतायत. त्यांनी पाणी मागवलं.

दळणाच्या शेडच्या दाराशी त्यांनी तांब्याची एक पट्टी ठोकून घेतली होती, तिची तार खाली जमिनीत गाडलेली. आत जाणाऱ्या प्रत्येकाने पट्टीला हात लावायचा. शेडमध्ये काम करणारी माणसं बहुतेक झरीची आणि आसपासच्या पाड्यांवरची. भाताची लावणी उरकली की कारखान्यात, कापणीला पुन्हा शेतात. त्यांनी पट्टीला हात लावला की तोच हात ती कपाळाला लावायला लागली. महिन्याभरात पट्टीला शेंदूर लागला, झेंडूचं फूल आलं. मॅनेजर मेहता चिडले, "आ शुं मंदिर करून ठेवलंय?" साहेब म्हणाले, "हात लागतोय ना रोज? मग कपाळाला लावू द्या." शेंदराने वीज अडते म्हणून दर सोमवारी पट्टी चिंचेने घासून लख्ख करायचं काम मात्र त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि माणसं समजली की साहेब देवाला आंघोळ घालतात.

शेडचा मुकादम लखमा, झरीचा. अंगाने काटक, बोलायला मोकळा. शेडमध्ये नव्याने येणाऱ्याला साहेब एक प्रयोग दाखवायचे, आणि त्यासाठी त्याला घरून मूठभर पीठ आणायला सांगायचे. कारखान्याच्या भुकटीचं कोणाला काय वाटणार, घरच्या पिठाचं वाटेल, असा त्यांचा हिशोब. लखमाने नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणलं. साहेबांनी डालड्याच्या रिकाम्या डब्यात मेणबत्ती लावली, शेजारी पीठ ठेवलं, झाकण दाबून बसवलं आणि बाहेरून रबरी नळीने फुंकर मारली. भप्प झालं आणि झाकण उडून पत्र्याला लागलं. लखमा मटकन खाली बसला. म्हणाला, "सायेब, हां तं आमी रोज खातांव." साहेब म्हणाले, "खाताना काही करत नाही. उडताना करतं. बसलेली धूळ गरीब असते, उडालेली नसते." लखमाच्या बायकोने पुढचा महिनाभर जातं चुलीपासून दूर, ओटीवर नेऊन ठेवलं होतं.

आता मेहतांचं सांगते. माणूस दुष्ट नव्हता. शेठ वलसाडला बसून माल मागायचे आणि मेहतांना तो द्यावा लागायचा, इतकंच. मधे राऊत साहेबांची चिठ्ठी आडवी यायची. मग मेहतांनी एक शोध लावला: नवा माल पावसाळ्यात तपासायला पाठवायचा. डहाणूकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल, मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं. दमट भुकटी नळीत उडतच नाही, गोळा होऊन बसते. दहा आकडे आरामात होतात. तीच भुकटी मार्गशीर्षात कोरड्या वाऱ्याला एक म्हणायच्या आत पेटते. साहेबांना हे ठाऊक होतं. ते माल आधी भट्टीत वाळवायचे आणि मग तपासायचे, आणि चिठ्ठीत लिहायचे: वाळवल्यावर पेट घेते, या यंत्रात दळू नये.

एका जुलैत अशी चिठ्ठी माझ्याकडे टाइपला आली. मेहता टेबलापाशी उभे राहिले. म्हणाले, "सुनंदाबेन, ती वाळवल्याची ओळ राहू दे. पावसात कोण वाळवतंय? जसा माल तसा रिझल्ट." मी ओळ गाळली. मला कोणी धमकी दिली नव्हती. नवी नोकरी, घरी दोन धाकट्या बहिणी, वडिलांच्या रिटायरमेंटला वर्ष उरलेलं; असलं काहीबाही मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या क्षणी मी फक्त ओळ गाळली आणि सहीच्या कागदांच्या ढिगात चिठ्ठी मधोमध सरकवली.

दुपारी साहेब आले. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, जरा येता का माझ्याबरोबर?" छत्रीतून मला भडकाखोलीत नेलं. नळीच्या तळाशी वाळवलेली चिमूट टाकली आणि रबरी फुगा माझ्या हातात दिला. "दाबा." मी दाबला. नळीत एक पिवळी ज्वाळा वरपर्यंत धावत गेली, वरचं कागदी झाकण फाटलं, माझ्या कपाळाला ऊब लागली. मी किंचाळले असेन. साहेबांनी नळी पुसली आणि म्हणाले, "ही चिमूट. शेडमध्ये पोती आहेत." मग ती चिठ्ठी माझ्यापुढे धरली, कोरा कागद जोडून. मी खोलीतून बाहेर पडले तेव्हा रडत होते, आणि ती लाज मला आजही तशीच वाटते.

त्याच दिवशी नवी चिठ्ठी द्यायला पुन्हा भडकाखोलीत गेले तेव्हा मी त्यांना विचारलं, की इतकं रोज भांडण्यापेक्षा सोडून का देत नाही? तुमची वाडी आहे, घर आहे. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते पुन्हा कधी बोलले नाहीत. आधी ते हद्दीपलीकडे, गुजरातेतल्या एका कारखान्यात होते. तिथेही हेच. वय तिशीचं, रक्त गरम. एक दिवस राजीनामा मॅनेजरच्या टेबलावर आपटला आणि घरी आले. वहिनींनी पेढे वाटले. त्यांच्या जागी स्टोअरमधला एक माणूस बसवला, तो सगळ्या चिठ्ठ्यांवर सही करायचा. चार महिन्यांनी शेड उडाली. दोन माणसं गेली. "मी असतो तर सही केली नसती," साहेब म्हणाले. "पण मी नव्हतो ना. मी नरपडला चिकू उतरवत होतो."

मग त्यांनी नळी पुन्हा पुसायला घेतली. म्हणाले, "इथून मी बाहेर पडायचं म्हणजे माझ्या जागी कोणीतरी आत येणार, बाई. तो कसा असेल, मला माहीत नाही."

तेव्हा मला ते चार दिवससुद्धा नरपडला का जात नाहीत, ते कळलं. त्यांची पाठ वळली की मेहता नवा माल दळायला काढणार. आणि मेहतांनाही साहेबांना काढता येत नव्हतं, कारण इन्स्पेक्टरला दाखवायला असल्या तपासणीचं शिक्षण घेतलेला माणूस लागायचा आणि तलासरीच्या रानात दुसरा कोण येणार? दोघंही एकमेकांना अडकून बसलेले. सकाळी फाटकात समोरासमोर आले की नमस्कार मात्र करायचे.

साहेबांची खरी लढाई असायची दसऱ्याला. यंत्रांची पूजा कोणाला नको असते? आदल्या दिवशी माणसं शेड झाडून काढणार, म्हणजे वर्षभर तुळयांवर बसलेली धूळ हवेत उठणार. दुसऱ्या दिवशी बायकापोरं नवे कपडे घालून येणार, यंत्रांना झेंडूची तोरणं, आणि मग आरती, कापूर, उदबत्त्या. आधी धूळ उडवायची आणि मग तीत दिवा न्यायचा. साहेब म्हणायचे, मला कोणी मुद्दाम भडका करून दाखव म्हटलं असतं, तरी याहून चांगली व्यवस्था जमली नसती.

पहिल्या वर्षी त्यांनी मनाई केली तर माणसं दुखावली. लखमा म्हणाला, "देवाला दिवा नाय दाखवायचा, मंग पूजा कशी व्हल?" साहेबांनी आठवडाभर विचार करून तोड काढली. शेड पंधरा दिवस आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, झाडू लावायचा नाही. यंत्रांना फक्त फुलं आणि कुंकू. आरती बाहेर, फाटकाशी वडाखाली. तिथे यंत्राचं एक जुनं दातेरी चाक मांडायचं, सगळ्या यंत्रांच्या वतीने. माणसांना ते पटलं. पुढे चार-पाच दसरे असेच झाले. आदल्या दिवशी साहेब स्वतः शिडीवर चढून दाढीच्या ब्रशने तुळईवरची धूळ कागदावर घ्यायचे आणि तपासायचे. सगळ्यात बारीक धूळ सगळ्यात उंच बसते, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं, आणि ते म्हणताना त्यांची नजर ऑफिसच्या माडीकडे जायची.

नव्वदनंतरचा एक दसरा. शेठ स्वतः येणार होते, परदेशी जाणाऱ्या मालाची दोन गिऱ्हाइकं घेऊन. नवं दळणयंत्र बसवलेलं, आरती त्याच्यापुढेच व्हायची, शेडच्या आत, असं वरून ठरलं. साहेबांनी लेखी विरोध केला. मीच टाइप केला, अक्षरही न गाळता. मेहता म्हणाले, "पाच मिनिटांची आरती आहे, राऊत. इतकी वर्षं काय झालं?" काही होऊ नये म्हणूनच तर साहेब तिथे होते, मग झालेलं काय दाखवणार?

दसऱ्याच्या सकाळी आमची बस आठला पोचली. मी नवी साडी नेसून, अबोलीचा गजरा माळून उतरले. शेडपाशी गर्दी होती. बायका, कडेवर पोरं, हातात तबकं. लखमाची बायको कापराच्या वड्या मांडत होती. आणि शेडच्या दारातून पिवळा धूर येतोय असं मला वाटलं. तो धूर नव्हता. शेठ येणार म्हणून शेड चकाचक दिसायला हवी, असं मेहता पहाटे बोलून गेले होते, आणि लखमाच्या माणसांनी हौसेने, मायेने, हवेच्या पाइपने तुळयांवरची सगळी धूळ खाली उडवली होती. उन्हाचे पट्टे दारातून आत पडले होते आणि त्यांत ती धूळ नुसती तरंगत होती.

साहेब हातात झेंडूचा हार घेऊन चाळीकडून आले. दारात थांबले. पट्टीला हात लावला. आत बघितलं, मग बायकांच्या हातांतली तबकं बघितली. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसला. पण ते आरडाओरडा न करता आतल्या माणसांना म्हणाले, "चहा आलाय, सगळे बाहेर या आधी." माणसं बाहेर आली. त्यांनी बाहेरच्या भिंतीवरचं मेन स्विच खाली ओढलं, हार लखमाच्या हातात दिला, आत गेले आणि दार लावून आतून कडी घातली.

पहिली काही मिनिटं कोणालाच कळलं नाही. मग शेठची गाडी आली.

शेठ खिडकीच्या जाळीपाशी गेले. "राऊतभाई, बाहेर या नी. मेहमान उभे छे."

"धूळ बसली की उघडतो," आतून बारीक आवाज आला.

"केटला वेळ लागेल?"

"तिच्या मनावर आहे, शेठ." आणि मग खोकला.

मेहतांचा तोल गेला. त्यांच्या नोकरीचा प्रश्न होता, मला दिसत होतं. त्यांनी लखमाला पहार आणायला लावली आणि म्हणाले, कडी तोड. लखमाने पहार आणली. त्याची बायको, दोन मुलगे, धाकटी मुलगी, तिच्या कडेवर तान्हा भाऊ, सगळी तिथेच उभी. त्याने दाराच्या फटीत पहार घातली. आतून साहेब बोलले, आवाज चढवायची सवय नसलेल्या माणसाच्या आवाजात. "लखमा, पहार लोखंडाची. कडी लोखंडाची. नागलीचं पीठ आठव."

लखमा तसाच उभा राहिला. मेहता म्हणाले, "तोड, नाहीतर उद्यापासून येऊ नको." मी तिथून दहा पावलांवर होते. मला सगळं ठाऊक होतं, नळीतली ज्वाळा मी माझ्या हाताने काढली होती. तरी मी पदर सावरत नुसती उभी राहिले. लखमाने पहार हळूच, आवाज न करता, गवतावर ठेवली. मग दाराला पाठ लावून खाली बसला आणि बायकोला म्हणाला, "पोरांना वडाखाली ने. कापूर फाटकाशी लाव जा."

मुहूर्त टळायला आला होता. शेवटी शेठनी फाटकाशी वडाखाली आरती केली, नेहमीसारखी. गिऱ्हाइकांना वाटलं, इथे अशीच पद्धत असते. त्यांनी फोटो काढले.

दुपारी दोनच्या पुढे दार उघडलं. साहेब बाहेर आले ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे, फक्त डोळ्यांचे दोन खळगे ओले. दाराबाहेर येऊन त्यांनी सवयीने पट्टीला हात लावला. वहिनी पाण्याची कळशी घेऊन उभ्या होत्या. तो खोकला त्यांना पुढे कायमचा राहिला.

दिवाळीनंतर त्यांची बदली झाली, म्हणजे शेडपासून ऑफिसात. कागदावर हुद्दा तोच, टेबल माझ्यासमोर, काम काही नाही. भडकाखोलीला कुलूप लागलं. तो मेमोही मीच टाइप केला. टाइप करताना ते समोर बसले होते. म्हणाले, "बाई, 'कार्यालयात'मधला एक काना राहिला." मी कागद काढून पुन्हा चढवला.

मला वाटलं, आता तरी जातील. गेले नाहीत. रोज दुपारच्या सुट्टीत शेडमध्ये जायचे, खिशातून दाढीचा ब्रश काढायचे आणि शिडीवर चढायचे. कोणी अडवत नसे, ऐकतही नसे. पण लखमाची माणसं मात्र कोणी न सांगता दर आठवड्याला तुळया ओल्या फडक्याने पुसायला लागली होती. कारखाना बंद पडेपर्यंत अशी पाचेक वर्षं गेली. शेडला कधी काही झालं नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, दसऱ्यालाच, मी सोनं द्यायला नरपडला गेले. वाडीत चिकूच्या फांद्या खाली टेकल्या होत्या, मागून समुद्राचा आवाज येत होता. साहेब ओटीवर खुर्चीत बसलेले, अंगावर सुती सदरा, श्वास घरघरत होता. दाराच्या चौकटीवर ती तांब्याची पट्टी होती. कारखाना भंगारात निघाला तेव्हा लखमाने उपटून आणून दिली, वहिनी म्हणाल्या. मी हात लावून आत गेले.

सोनं दिलं, चहा झाला. मग साहेब मध्येच म्हणाले, "बाई, एक सांगा. त्या दिवशी आरती आत झाली असती, तर झालं असतं का हो काही?"

मी म्हटलं, "झालंच असतं, साहेब."

"तुम्हाला काय माहीत," ते म्हणाले. "मला नाही माहीत. आदल्या दिवशीची चिमूट पेटली होती, पण ती नळीत. शेडमध्ये नसतंही पेटलं कदाचित. कधीकधी पूर्ण दिवस याच्यातच जातो. नरपडला आलो आणि अजून त्या दाराच्या आतच बसलोय." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात वाडीच्या वाटेवर गलका झाला. लखमा आला होता, झरीहून, सगळं घर घेऊन. दर दसऱ्याला येतो, वहिनी म्हणाल्या. डोक्यावर भाताची नवी कणसं, नागलीच्या पिठाचं गाठोडं. दारापाशी त्यांची रांग लागली. पट्टीला हात, हात कपाळाला, मग आत. आधी लखमा. मग बायको. मोठा मुलगा, धाकटा, दोन्ही सुना. धाकटी मुलगी आणि जावई. त्या दिवशी कडेवर असलेलं तान्हं आता चांगलं उंच झालं होतं, त्याने टाच न उचलता पट्टी गाठली. मागून लहानगी, त्यांना आईबापांनी उचलून धरलं.

साहेब त्यांच्याकडे एकटक बघत होते. ओठ हलत होते. मी कान दिला.

"आठ," ते पुटपुटत होते, "नऊ, दहा."

ते आता हात पुसतील, म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी हात पुसला नाही. दारात अजून पोरं उभी होती.

"अकरा," साहेब म्हणाले. "बारा."